पाच नंबर

केळीची पानं तांबडी होती.

भिंतीएवढ्या ताणलेल्या कापडावर चार केळी रंगवलेल्या होत्या, त्यांच्यामागे एक फणस, आणि पुढे लाकडी चौकटीवर उभं केलेलं तुळशीवृंदावन. पानांच्या शिरा एकेक करून काढलेल्या. एका पानाची कड वाऱ्याने फाटली होती आणि त्या फटीतून मागचा उजेड येत होता. हात लावला तर पान ओलं लागेल असं काम होतं. फक्त पानं तांबडी होती, जुन्या कौलाच्या रंगाची. फणसही तसाच, तुळसही तशीच.

“कसा वाटता गो?” बाबांनी विचारलं.

मी जेवणाचा डबा हातात धरून उभी होते. बाबा सकाळी सहाला घरून निघाले होते आणि आता बारा वाजत आले होते. पायांत चपला नव्हत्या, नुसते मोजे. कपाळावर रंगाचा एक फराटा होता, तोही तांबडा.

“फाटक्या पानाक दीड तास गेलो,” ते म्हणाले. “पण झाला मनासारखा.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याशी थट्टा करत नव्हते.

“छान झालंय,” मी म्हटलं.

ज्या वर्षी टीव्हीत रंग आला त्या वर्षीची ही गोष्ट. मी वीस वर्षांची होते, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. माझे वडील, पुरुषोत्तम चितारी, मुंबईच्या टीव्ही केंद्रात देखावे रंगवायचे. केंद्र सुरू झालं तेव्हापासून, म्हणजे दहा वर्षं.

मी पहिल्यांदा तो स्टुडिओ बघितला तेव्हा माझं वय दहा होतं. एका खोलीच्या आत दुसरी खोली बांधली होती. बाहेरची भिंत आतल्या भिंतीला कुठेही टेकत नव्हती, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रकची थरथर आत येणार नाही. आतल्या भिंतींना भोकाभोकांच्या फळ्या आणि त्यांच्यामागे लोकर कोंबलेली. शिरायला एकामागे एक अशी दोन जाड दारं, पहिलं मिटल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. वर लोखंडी जाळीला दिवे टांगलेले. एका बाजूला माळ्याच्या उंचीवर लांबलचक काच होती आणि तिच्यामागे बसून इंजिनिअर लोक चित्र सांभाळत. त्या जागेला सगळे नुसतं ‘वर’ म्हणत. जमीन अशी सपाट की गोटी ठेवली तर जागची हलणार नाही, कारण कॅमेरे चाकांवर फिरत आणि चाकाखाली एवढीशी खाच आली तरी लोकांच्या घरात चित्र हिंदकळे. बाबांनी मला मधोमध उभं केलं आणि एक टाळी वाजवली. टाळी हातातल्या हातातच संपली.

“बघितलंस?” ते म्हणाले. “इथे आवाज परत येत नाही.”

मला भीती वाटली होती. त्यांना मात्र त्या जागेचा अभिमान होता, स्वतः बांधल्यासारखा.

स्टुडिओ एकच होता आणि कार्यक्रम पुष्कळ. एका कोपऱ्यात शेतीच्या कार्यक्रमाचं खळं, दुसऱ्यात बातम्यांचं टेबल, तिसऱ्यात मुलांसाठी जंगल. एका कोपऱ्यातून कार्यक्रम थेट लोकांच्या घरी जात असायचा तेव्हा शेजारच्या कोपऱ्यात बाबा पुढचा देखावा रंगवत असायचे, मोजे घालून, कुंचल्याचा आवाजही होऊ न देता. ती सवय मग कायमचीच झाली. घरी भिंतीला चुना लावतानाही ते मोजे घालत आणि आई हसत असे.

रंग असा तिथे नव्हताच. होते ते नंबर. दहा पट्ट्यांचा एक तक्ता असे, एक म्हणजे जवळजवळ पांढरा आणि दहा म्हणजे काळा, मधे करड्याच्या आठ पायऱ्या. भिंत चार, दार सात, दाराची चौकट पाच. तो चार कशाने झालाय याची कोणाला पर्वा नव्हती. कोठीत जो रंग उरला असेल तो घ्यायचा, त्यात पांढरा नाहीतर काळा घालून नंबरावर आणायचा. त्यामुळे पडद्यावर एखाद्या प्राध्यापकाची भारदस्त बैठक दिसे ती प्रत्यक्षात पोपटी भिंतींची, जांभळ्या दाराची आणि विटकरी पडद्यांची असायची. एका वयस्कर गायिकाबाईंनी गुलाबी शंकराच्या देवळापुढे बसायला साफ नकार दिला होता. तिथलाच एक लहान मॉनिटर आणून त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा पडद्यावरचं काळ्या पाषाणाचं देऊळ बघून त्या मुकाट्याने तंबोरा जुळवायला लागल्या.

वर काचेमागे पिंटोकाका बसत. ते मूळचे म्हापशाचे, चित्राचे इंजिनिअर. त्यांच्याकडे उजेड मोजायचं यंत्र होतं. बाबा खालून ओरडत, “सहा!” आणि पिंटोकाका यंत्रात बघून ध्वनिवर्धकातून म्हणत, “सहा रे सायबा, सहाच.” दहा वर्षांत बाबांचा नंबर एकदाही चुकला नाही. कसं करता म्हणून मी विचारलं तर म्हणाले, “डोळे बारीक करायचे. रंग निघून जातो, नंबर उरतो.”

मग नवे कॅमेरे आले. नंबर गेले आणि यादीत नावं आली: गर्द हिरवा, पोपटी, शेंदरी, गेरू. दिल्लीहून शिकून आलेले दोन तरुण चित्रकार कोठीत दिसायला लागले. ज्याला जमणार नाही त्याला दुसरीकडे पाठवणार अशी कुजबुज होती. बाबा बावन्न वर्षांचे होते, सहा वर्षं उरली होती. त्या महिन्यात त्यांचं जेवण कमी झालं. भाताचा ढीग ते बोटांनी सपाट करत बसत.

केंद्रातून निघणारा आमचा पहिला रंगीत कार्यक्रम दिवाळीचा होता. गाण्यांचा, मागे कोकणातलं अंगण. ते अंगण बाबांनी मागून घेतलं होतं. ते जमलं तर पुढची सहा वर्षं निभावतील, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही.

“सुट्टी लागली मा तुका?” त्यांनी एका संध्याकाळी मला विचारलं. “दोन दिवस ये माझ्यावांगडा. डब्यांवर नावा लिहूची आसत.”

“तुम्हीच लिहा की.”

“तुझा अक्षर बरा.”

मला हसू आलं. बाबांच्या अक्षरासाठी केंद्रातले लोक लग्नपत्रिका घेऊन घरी येत. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. आईने ताटातून वर बघितलं.

“जा गो,” ती म्हणाली. “सांगतत ता कर.”

मी गेले. नव्या रंगाचे एकवीस डबे होते, सगळे एकाच मापाचे. बाबा म्हणाले होते, डब्यावर लिही. डब्यांची पोटं गोल आणि तेलकट होती, खडू टिकत नव्हता. म्हणून मी झाकणांवर लिहिलं. झाकणं कशी सपाट, स्वच्छ. काम लवकर झालं म्हणून मला बरंही वाटलं.

आणि आता दुसऱ्या दिवशी, दुपारी बारा वाजता, मी तांबड्या केळींपुढे उभी होते.

बाबांच्या पायांशी डबे उघडे पडले होते, झाकणं एकीकडे रचून ठेवलेली. मी जवळ जाऊन बघितलं. ज्या डब्यात कौलासारखा तांबडा होता त्याच्याशेजारी झाकण होतं आणि त्यावर माझ्याच अक्षरात ‘गर्द हिरवा’. आदल्या संध्याकाळी आवरताना झाकणांची अदलाबदल झाली असणार. एवढं मला लगेच कळलं. पण झाकण काढल्यावर आतला रंग तर दिसतोच. सकाळपासून बारापर्यंत, पानामागून पान.

मी वाकलेली तशीच राहिले. मग एकेक गोष्ट आपणहून शेजारी येऊन बसायला लागली. आई त्यांना कधी टोमॅटो आणायला पाठवत नसे. आंबा पिकलाय का हे ते वासावरून ठरवत, नाहीतर मला विचारत. लहानपणी मी चित्रांच्या वहीत घोडा हिरवा रंगवला होता आणि ते म्हणाले होते, अगदी खरा वाटतो. मला त्यांची ती दाद केवढी मोठी वाटली होती.

“जेवूया?” बाबा म्हणाले. “कोटणीसबाई दोन वाजता येतली. तोपर्यंत वाळात.”

“बाबा,” मी म्हटलं. त्यांच्या कपाळावरचा फराटा पुसावासा वाटला. “बाबा, आपण जरा…”

तेवढ्यात आतलं दार उघडलं.

मालती कोटणीस त्या कार्यक्रमाच्या निर्मात्या. उंच, करारी, तोंडात कायम लवंग. त्या दोनऐवजी बारालाच आल्या होत्या, कारण दिल्लीचे दोन अधिकारी लवकर येऊन थडकले होते आणि त्यांना सेट दाखवायचा होता. त्यांच्यामागून ते दोघे साहेब, दोन सुतार आणि एक कॅमेरामन आत आले.

कोणी तरी भिंतीवरचं बटण दाबलं. मोठे दिवे लागले आणि केळी आणखीच तांबड्या झाल्या.

दिल्लीच्या साहेबांपैकी एकाने हिंदीत विचारलं, “ये क्या, पतझड़ है?”

एक सुतार हसला. कोटणीसबाई हसल्या नाहीत.

“चितारी, हे काय आहे?”

बाबांनी देखाव्याकडे बघितलं. ते काय शोधत होते ते मला आजही आठवतं. त्यांनी वरची कड बघितली, कापड कुठे सैल पडलंय का ते बघितलं, वृंदावनाची सावली उजेडाच्या उलट तर पडली नाही ना ते बघितलं. चूक त्यांना सापडत नव्हती.

“काय झालं बाई?”

“काय झालं? केळी तांबड्या आहेत!”

बाबांचा चेहरा मी त्यानंतर पुष्कळ वर्षं पाहिला. आईच्या आजारपणात पाहिला, शेवटी शेवटी त्यांच्या स्वतःच्याही. पण त्या क्षणी होता तसा कधी नाही. त्यांनी पानांकडे पुन्हा बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

“मी केलं ते,” मी म्हटलं.

“तू कोण?”

“मी यांची मुलगी, वैजयंती. मी मदतीला आले होते. पानं मी रंगवली. डब्यांची झाकणं बदलली गेली होती, तांबड्यावर हिरव्याचं झाकण होतं. बाबा इथे नव्हते.”

“झाकण बदललं होतं,” कोटणीसबाई म्हणाल्या. “बरं. आणि झाकण काढल्यावर आत काय दिसलं तुला?”

मी झाकणांकडे बघितलं.

“विचारतेय मी. आत काय दिसलं? केळीचं पान कधी बघितलं आहेस की नाही आयुष्यात? सणावाराला जेवतेस कशावर? एक पान चुकलं तर समजू शकते. चार केळी, एक फणस, एक तुळस!” त्यांचा आवाज वाढला, पण त्या खोलीत तो कुठेच आपटत नव्हता, तोंडातून निघून सरळ अंगावर येत होता. “दोन वाजता रंगीत तालीम आहे माझी. पाहुणे येऊन उभे आहेत. डोळे फुटले होते का गं तुझे?”

बाबांनी हातातला कुंचला खाली ठेवला. डब्याच्या काठावर नाही, जमिनीवर. त्या जमिनीवर ते कधी काही ठेवत नसत.

“बाई,” ते म्हणाले, “तिला बोलू नका.”

“मग कोणाला बोलू?”

“तिने एक पानही रंगवलेलं नाही. ती आत्ता डबा घेऊन आली. डोळे तिचे चांगले आहेत. फुटके माझे आहेत. मला हिरवा आणि तांबडा वेगळा दिसत नाही. कधीच दिसला नाही.”

आपण बाहेर असतो तेव्हा कुठे तरी पंखा असतो, गाडी असते, कावळा असतो. तिथे काहीच नव्हतं. त्या भिंती त्यासाठीच बांधल्या होत्या.

मग वरून, ध्वनिवर्धकातून, पिंटोकाकांचा आवाज आला. कुठला तरी माइक उघडा राहिला असणार, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“चितारी. किती वेळ होयो तुका?”

बाबांनी मान वर केली. काचेमागे काळोख होता.

“पाऊण तास,” ते म्हणाले.

“घे मरे. कॅमेरा लावायला मला तेवढा लागतोच. बाई, पाहुण्यांना चहा पाजा.”

कोटणीसबाई क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग पाहुण्यांना घेऊन बाहेर गेल्या. दोन दिल्लीवाल्या चित्रकारांपैकी एक दारात आला होता. तो म्हणाला, “भाऊ, मी करतो, तुम्ही बसा.” चांगल्या मनाने म्हणाला तो. बाबांनी त्याच्याकडे बघून फक्त मान हलवली.

“वैजू, कुंचलो बुडवून दी,” ते म्हणाले.

पाऊण तास मी डब्यांपाशी उकिडवी बसले होते. मी कुंचला हिरव्यात बुडवून द्यायची, ते घ्यायचे. “उजळ,” ते म्हणत आणि मी पोपटी द्यायची. “काळोखातला दी,” म्हणाले की गर्द. कुठे उजेड पडतो, कुठे पान वळतं, शिरेच्या कुठल्या बाजूला सावली बसते, यातलं त्यांना काही विचारावं लागत नव्हतं. ते सगळं त्यांना आमच्यापेक्षा जास्त दिसत होतं. सुतार, कॅमेरामन, तो तरुण चित्रकार असे पाच-सहा जण मागे उभे होते आणि एकही हलत नव्हता. मी एकदा मागे वळून बघितलं तर त्या चित्रकाराने चपला काढून ठेवल्या होत्या.

पानं हिरवी झाली. खालचा तांबडा कुठे कुठे किंचित वर येत राहिला आणि त्यामुळे ती पानं खरोखर उन्हातली वाटायला लागली. असं दुसऱ्या कोणाला ठरवूनही साधलं नसतं.

आम्ही वर गेलो. पिंटोकाकांसमोर दोन मॉनिटर होते, एक नवा रंगीत आणि एक जुना, काळा-पांढरा. नव्यात अंगण हिरवंगार दिसत होतं. बाबा त्याच्याकडे बघायला गेलेच नाहीत. ते जुन्यापुढे उभे राहिले.

“सकाळी ह्यात बघितलंय मी,” पिंटोकाका म्हणाले. “हा एकच चालू होता. अगदी आत्ता दिसता तसाच दिसत होता. एका केसाचा फरक नाय.”

“तुला ठाऊक होतं?” बाबांनी विचारलं. “माझं?”

“अरे, त्र्याहत्तर सालच्या नाताळला तू माझ्या घरी आलास एका पायात हिरवा मोजा, एका पायात तांबडा. माझ्या बायकोला वाटलं फॅशन.”

“आणि बोललास नाही?”

“कशाला बोलू? नंबर बरोबर येत होते.”

बाबा हसले. मोठ्याने नाही, पण हसले. मग खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बराच वेळ तसेच राहिले. पिंटोकाका यंत्राची बटणं उगाचच फिरवत होते.

तालीम दोनला झाली. कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला. लोकांची पत्रं आली, त्यात अंगणाचं कौतुक होतं.

पण त्याआधी, त्याच दुपारी, कोटणीसबाईंनी आम्हाला जिन्यापाशी गाठलं. त्यांच्या तोंडातली लवंग तेवढी नव्हती.

“चितारी, मी मुलीला तसं बोलायला नको होतं.”

“बोलायचं तेच बोललात बाई. माणूस फक्त चुकला.”

“हे तुम्ही मला एकटीला सांगितलं असतं तर मी न ऐकल्यासारखं केलं असतं,” त्या म्हणाल्या. “खरंच केलं असतं. पण दिल्लीच्या साहेबांसमोर सांगितलंत. आता मला काहीतरी करावं लागेल.”

“करा.”

“अक्षरांच्या विभागात जागा आहे. कार्यक्रमांची नावं, कलाकारांची नावं, ‘समाप्त’. काळ्यावर पांढरं.”

“चालेल,” बाबा म्हणाले.

सहा वर्षं त्यांनी काळ्या पुठ्ठ्यांवर पांढरी अक्षरं काढली. स्टुडिओत ते त्यानंतर रंगवायला कधी गेले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना आणायला गेले तर म्हणाले, जरा थांब, आणि एकटेच आत जाऊन आले. टाळी वाजवली का ते मी विचारलं नाही.

सात महिन्यांपूर्वी बाबा गेले, त्र्याण्णवाव्या वर्षी. आई त्यांच्या आधीच गेली होती. त्यांचं कपाट रिकामं करताना प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला मला दोऱ्याचे टाके सापडले. हिरव्याला एक, तांबड्याला दोन, मातकटाला तीन. जुन्या शर्टांवरचे आईचे होते, बारीक आणि सरळ. आई गेल्यानंतर घेतलेल्या शर्टांवरचे ओबडधोबड होते. ते कोणाकडून घालून घेतले होते, दुकानदाराकडून, शेजारणीकडून, मला माहीत नाही. माझ्याकडून घेतले नव्हते. एवढं सगळं होऊनही नाही.

त्या तांबड्या केळींच्या दुपारी, तालीम झाल्यावर, आम्ही बसने घरी निघालो. माहीमपर्यंतची बस, वरच्या मजल्यावर पुढची दोन आसनं. बाबा नेहमी तिथेच बसत. सकाळपासूनचा डबा माझ्या मांडीवर तसाच होता. दोन थांबे गेल्यावर ते समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागले.

“आमच्याकडे लाखेची फळा करीत,” ते म्हणाले.

हे मला माहीत होतं. सावंतवाडीला आमचं घराणं लाकडी खेळणी करणारं. आजोबा चरकावर लाकूड फिरवून त्यावर लाख चढवत. आंबे, केळी, मिरच्या, सीताफळं, परडीभर फळांचा संच असे.

“मी बारा वर्षांचो होतंय. एका सायबान शंभर परड्या सांगल्यान. बापाशीन माका मिरचेक बसवल्यान. अर्धे हिरवे, अर्धे तांबडे. आणि आंबे. मी सगळा केलंय. चकचकीत. हात माझो तेव्हापासूनच बरो.”

बस एका थांब्यावर थांबली, माणसं चढली.

“साहेब घेऊक इलो. दुकानात गावातली माणसा. बापाशीन परडीवरचा फडका काढल्यान.” त्यांनी हाताने फडका काढून दाखवला. “निळ्या आकाशाखाली असे तांबड्या पानांचे आंबे कोणी बघितले नसतीत. साहेब हसलो. सगळी हसली. बापूस म्हणालो, डोळे फुटलेत काय रे तुझे?”

मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

“मारल्यान नाय. पण परत चरकाजवळ बसूक दिल्यान नाय. कधीच. चितारी म्हणून जन्माक इलंय आणि…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “मावशीचो घोव मुंबैक होतो. त्येच्याकडे धाडल्यान. मी बापाशीक सांगूक गेलंय मा, की माका दोनय रंग सारखेच दिसतत. तेका वाटला मी निमित्त काढतंय.”

“पुन्हा नाही भेटलात?”

“भेटलंय. लग्नात, मरणात. त्या इषयावर नाय.”

बस पुढे सरकली. खाली फुटपाथवर दिवाळीची तोरणं विकायला बसलेली माणसं होती, आंब्याच्या पानांत झेंडू ओवलेला. बाबा वाकून तिकडे बघत होते, डोळे बारीक करून.

“वैजू,” ते म्हणाले, “हिरवो कसो असता गो?”

मी तोपर्यंत पुष्कळ वाचलं होतं. रानं, भाताची खाचरं, शेवाळ, पोपट, पन्ना, सगळं मनात येऊन गेलं. पण त्यातल्या प्रत्येक गोष्टीकडे तर बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंच होतं. त्यांना मी वेगळं काय सांगणार होते?

“पाच नंबर,” मी म्हटलं.

“पाच?”

“हो. आजचा गर्द हिरवा पाच होता.”

त्यांनी मान हलवली. पाच त्यांच्या ओळखीचा होता.

“आणि तांबडो?”

मला वेगळं काही सांगता आलं असतं.

“तोही पाच,” मी म्हटलं.

बाबांनी माझ्या मांडीवरचा डबा घेतला, उघडला, आणि गार झालेल्या पोळीचा तुकडा मोडून हातात नुसताच धरला.

“मगे मी चुकलंय नाय,” ते म्हणाले.

“नाही.”

“बापाशीक ह्या सांगूक होया होता,” ते म्हणाले, आणि जेवायला लागले.